दात आणि चणे

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकात वाईच्या गाडीची वाट पाहत बसण्याचा योग मला लग्न झाल्यापासून वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. वाई हे आमच्या सौ.चे माहेर, आणि गाडीच्या वेळेआधी चांगला पाऊण तास येऊन बसणे ही माझी जुनी खोड. त्यामुळे सातारा, कोल्हापूर, सांगली, पंढरपूर अशी गावांची नावे कपाळावर मिरवीत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मी तेथे बसून इतक्या पाहिल्या आहेत की, स्वारगेट म्हणजे पुणे शहराचे तोंडच आहे असे मला वाटू लागले आहे. ते अष्टौप्रहर उघडे असते, काहीतरी गिळत असते आणि काहीतरी बोलत असते. आता त्याच्या माथ्यावरून पूल गेला आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीच्या पोटातून मेट्रोही येथवर येऊ लागली आहे. परंतु फुटाणेवाल्यांचे ठाणे मात्र अद्याप कोणी हलवू शकलेले नाही.

मार्च २०२५ मधील गोष्ट. मला साठ वर्षे पूर्ण होत होती, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस एका खाजगी कंपनीच्या हिशेबखात्यातील माझी नोकरी संपावयाची होती. निवृत्तीच्या उंबरठ्यावर माणूस उगीचच उदार होतो. मी फुटाण्यांची मोठी पुडी घेतली आणि सौ.पुढे धरली. तिने चार दाणे उचलले, ते डाव्या गालात सारले, आणि खाता खाता उजव्या गालावर अलगद हात ठेवला. दारात आलेल्या लहान मुलाला आपण हाताने आड धरतो, तसा.

"उजवीकडे काय झाले?" मी विचारले.

"काही नाही. सवय झाली आहे."

"कसली सवय?"

"डावीकडून खाण्याची. सहा वर्षे झाली असतील. मुलीच्या लग्नाच्या वर्षापासून."

"सहा वर्षे! आणि मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणालात, विम्यात दात बसत नाहीत. लग्नाचा खर्च होताच समोर. मग काही दिवसांनी दुखायचेही थांबले. म्हटले, चला, मिटले."

इतक्यात गाडी लागली. कात्रजचा बोगदा मागे पडेपर्यंत ती खिडकीला डोके टेकून झोपी गेली, आणि मी माझे ते सहा वर्षांपूर्वीचे वाक्य आठवीत बसलो. ते मी म्हटले असणार याबद्दल मला मुळीच शंका नव्हती. बहुधा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटले असेन. ज्या विषयातले आपल्याला थोडे कळते, त्या विषयावरच माणूस असा बेफिकीरपणे निकाल देतो.

वाचकहो, माझे ते वाक्य अगदीच खोटे नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत विमा शिरला तो मृत्यूचे बोट धरून. विम्याचा कायदा झाला १९३८ साली, आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले १९५६ साली. आग, समुद्र आणि मोटारी यांचे विमे १९७२ च्या कायद्याने सरकारच्या हाती आले. आणि आजारपणाची 'मेडिक्लेम' पॉलिसी अवतरली ती १९८६ साली. पुढे १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले, खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि आज विम्याच्या जाहिरातींनी आपला पाठलाग घरापर्यंत होतो. परंतु या साऱ्या मिरवणुकीत दात मागेच राहिले. सर्वसाधारण आरोग्य-पॉलिसी दातांचा खर्च देते तो अपघाताने जबडा फुटला किंवा एखाद्या आजाराने शस्त्रक्रिया ओढवली, आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर. एप्रिल २०२० मध्ये सर्व कंपन्यांसाठी एकाच नमुन्याची 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी आली. आजार वा इजा यांमुळे करावे लागणारे दंतोपचार तिच्यात धरलेले आहेत. परंतु ती मुळात रुग्णालयात पडण्याची पॉलिसी आहे, आणि दाढ भरून घेण्यासाठी कोणी रुग्णालयात रात्र काढीत नाही.

यात विमा कंपन्यांचा कोतेपणा आहे, असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. विमा हा अनिश्चिताचा व्यवहार आहे. घर जळेल किंवा जळणार नाही. म्हणून पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याचे जळेल त्याने घ्यावे, एवढाच त्याचा मंत्र. दाताचे तसे नाही. ज्या घराला रोज थोडी थोडी आग लागते, त्याचा विमा कोण उतरवील? म्हणून जेथे दातांचा लाभ मिळतो, तेथे तो रुग्णालयाबाहेरच्या उपचारांसाठी, वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत, बेताने मापून दिलेला असतो. खरे पाहता तो विमा कमी आणि ठेव अधिक. आणि ही ठेव अशी की, वर्षाखेर जो ती उचलीत नाही त्याची ती बुडते.

वाईहून परत आलो त्या रात्री मी ट्रंक उघडली. माझ्या नोकरीची सारी चोपडी तीत तारखेवार लावलेली होती. कंपनीच्या सामुदायिक विम्याची पुस्तिकाही होती. तिचे एक पान मळलेले होते आणि त्यावर लाल पेन्सिलीने खूण होती: 'कर्मचाऱ्याची वार्षिक आरोग्य-तपासणी, विनामूल्य.' ती खूण माझी. दर वर्षी जानेवारीत मी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन येत असे, साखर पाहत असे, हृदयाचा आलेख काढून घेत असे. आणि सारे काही ठीक आहे म्हणून त्या दिवशी घरी श्रीखंड आणीत असे.

मी पान उलटले. मागच्या बाजूस चार ओळी होत्या. एप्रिल २०१७ पासून बाह्यरुग्ण दंतोपचारांसाठी प्रत्येक कुटुंबास दर वर्षी रु. ५,००० पर्यंत; कर्मचारी, त्याची पत्नी व दोन मुले यांस मिळून; न वापरलेली रक्कम पुढील वर्षी ओढली जाणार नाही; पॉलिसीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

हिशेब हा माझा धंदा. सात वर्षांचे पस्तीस हजार बुडाले होते, आणि आठव्या वर्षाचे दहा दिवस शिल्लक होते. परंतु त्या रात्री मला ती रक्कम सलली नाही. सलले ते एवढेच, की एकाच पानाच्या एका बाजूला मी होतो आणि दुसऱ्या बाजूला ती होती, आणि आठ वर्षांत ते पान मला उलटावेसे वाटले नव्हते. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,' असे आपल्याकडे म्हणतात. दोष सारा दैवावर टाकून ही म्हण मोकळी होते. तिच्यात तिसरी शक्यता सांगितलेलीच नाही: दातही आहेत, चणेही आहेत, आणि चण्यांची पुडी घरच्या ट्रंकेत जपून ठेवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या नानांकडे गेलो. नाना केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची आम्ही मागून पुष्कळ थट्टा केलेली. केंद्र सरकारची ती स्वास्थ्य योजना १९५४ साली दिल्लीत निघाली. पुण्याचे तिचे कार्यालय आमच्या जवळच, मुकुंदनगरात. नाना त्या योजनेचे कार्ड जानव्यासारखे जपतात. दात काढणे, भरणे, मुळाची चिकित्सा, कवळी यांचे दर त्या योजनेने ठरवून दिलेले असतात, आणि ते नानांना तोंडपाठ आहेत. त्यांची स्वतःची कवळी त्यांनी त्यातूनच करून घेतली. "दात कोरून पोट भरतात हो नाना!" असे मी एकदा चारचौघांत म्हटले होते. नाना तेव्हा आपल्या कवळीतून मोकळेपणाने हसले होते. आता मी त्यांच्यासमोर पुस्तिका ठेवली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "वहिनींना दाखवलीत का ही?"

मी गप्प राहिलो. मग नानांनी चष्मा चढवला आणि मला जवळजवळ शिकवणीच दिली. ती येथे थोडक्यात द्यावीशी वाटते, कारण ती कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. पॉलिसी हाती आली की, पहिल्याने पाहावे ते दातांचा खर्च रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतो की बाहेरच्या बाहेर दवाखान्यातही. मग पाहावे की घरातील कोणाकोणास मिळतो; पुष्कळदा तो बायकोला आणि मुलांनाही असतो, आणि नेमके हेच वाचावयाचे राहते. मग रकमेची मर्यादा. मग सुरुवातीचा प्रतीक्षाकाल, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती दिवस किंवा वर्षे थांबावे लागते. मग शंभर रुपयांतले आपल्या पदरचे किती. दात शुभ्र करणे, वेडेवाकडे दात सुरेख दिसावेत म्हणून सरळ करणे, अशी शोभेची कामे बहुधा वगळलेली असतात. कोणत्या दवाखान्यांशी कंपनीचा करार आहे, तेही आधी विचारावे. मोठे काम असेल तर सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि कंपनीला दाखवून मंजुरी मिळते का ते पाहावे. कागदांत डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे, कोणत्या दातावर काय केले याची नोंद असलेले बिल आणि पैसे दिल्याची पावती, एवढे हवेच हवे. नुसते 'दंतोपचार' असे मोघम लिहिलेले बिल परत येते.

"आणि परत आले तर?" मी विचारले.

"तर भांडावयाचे," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पेन्शनरांना भांडणाच्या कल्पनेने येते ते तेज आले. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. २०१७ च्या नियमांप्रमाणे चालणारे हे लोकपाल पुण्यातही आहेत. तेथे फी पडत नाही आणि वकील चालत नाही. आपला अर्ज आपण लिहावयाचा. "मात्र," नाना बोट उगारून म्हणाले, "मुदत उलटून गेलेल्या लाभासाठी कुठलाच लोकपाल नाही."

हा टोला माझ्यासाठीच होता, आणि तो मी निमूटपणे घेतला.

त्याच संध्याकाळी सौ.ची भाची न्यू जर्सीहून फोनवर आली. तिला सारा वृत्तांत कळला तेव्हा ती हसू लागली. अमेरिकेत दातांचा विमा आरोग्याच्या विम्याहून वेगळा निघतो. १९५४ साली तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी आपल्या मुलांच्या दातांसाठी अशी व्यवस्था मागितली, आणि तेथून त्याचा पसारा वाढला. परंतु त्या श्रीमंत देशातही हा विमा मापूनच मिळतो: तपासणी आणि सफाई पूर्ण, दात भरण्याचे बहुधा ऐंशी टक्के, टोपी बसवण्याचे पन्नास टक्के, आणि वर्षाची एकंदर कमाल मर्यादा पुष्कळदा हजार ते दोन हजार डॉलर. तीही डिसेंबर संपला की बुडते. "म्हणून काका, आम्ही वर्षातून दोनदा सफाईला जातोच जातो. ती फुकट असते. जो दोनदा जातो, त्याला पुढचे मोठे काम सहसा लागत नाही," ती म्हणाली. "आणि लागलेच तर डिसेंबरात पुण्याला येऊन करून घेतो!" मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "आत्याला द्या ना फोन." दोघी आतल्या खोलीत पुष्कळ वेळ बोलत होत्या. काय ते मला कळले नाही. विचारण्याचे धैर्यही झाले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

स्वारगेटच्या मागच्या बाजूस, जिना चढून जावे लागते अशा एका दवाखान्यात आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सौ.ला खुर्चीवर निजवले, दिवा ओढला आणि तोंडात आरसा घालून पाहिले. मग एक्स-रे काढून तो पडद्यावर आम्हा दोघांना दाखवला. उजवीकडची खालची दाढ आतून कोळशासारखी झालेली होती. त्यांनी समजावून सांगितले ते असे: दाताचे वरचे कवच किडते तेव्हा काहीच दुखत नाही. कीड त्याच्या आत पोचली की थंड आणि गोड झोंबू लागते. ती नसेपर्यंत गेली की रात्र रात्र झोप लागत नाही. आणि मग एके दिवशी नस मरते, आणि दुखणे थांबते.

"लोकांना वाटते बरे झाले," त्या म्हणाल्या. "दुखायला लागले तेव्हा आला असतात तर दाढ भरून भागले असते. पुढे मुळाची चिकित्सा करून वर टोपी बसवता आली असती. आता काढावीच लागेल. आणि आजी, डावीकडच्या दाढांवर दुप्पट काम पडले आहे. त्यांतल्या दोन भरून घ्यायला हव्यात."

सौ. खुर्चीवरून माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि हेच मला अवघड गेले. रागावली असती तर काही उत्तर देता आले असते. तिला फक्त एक गोष्ट विचारावयाची होती, आणि तोंडात आरसा असल्यामुळे ती नंतर जिन्यात विचारली: "खर्च फार होईल का हो?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने घरातल्या प्रत्येकाचे दुखणे त्याने सांगण्याआधी ओळखले. मुलांचे कान, माझा घसा, सासूबाईंचे गुडघे. स्वतःच्या दुखण्याची चौकशी मात्र ती आधी खर्चापासून सुरू करते. अशा माणसाला 'बसत नाही' हे दोन शब्द पुरतात. पुन्हा विचारावे, कागद दाखवा म्हणावे, हे तिच्या स्वभावातच नाही. विम्याच्या पुस्तिका ज्यांच्या नावाने येतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. घरातील जो माणूस कधी काही मागत नाही, त्याच्यासाठीच ते पान उलटावयाचे असते.

एक्स-रे, दाढ काढणे आणि दोन दाढा भरणे मिळून रु. ४,७०० झाले. २८ मार्चला मी कागद दाखल केले आणि यथावकाश सारी रक्कम मिळाली. उरलेले तीनशे रुपये ३१ तारखेस नियमाप्रमाणे बुडाले. माझ्या नोकरीबरोबरच गेले म्हणा. रिकाम्या जागेचे काय करावे हा प्रश्न होता. नवा दात हाडात रोवून घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून सातारा रस्त्यानेच पुढे धनकवडीला भारती विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयात गेलो. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो, पण खर्च पुष्कळ कमी येतो. विमा नसलेल्याला हा मार्ग मोठाच आधाराचा आहे. चार-पाच खेपांत शेजारच्या दोन दातांच्या आधाराने तेथे पूल बसला.

नोकरीबरोबर सामुदायिक विम्याचे छत्रही जाते, हे निवृत्त होणाऱ्यांनी आधीच हेरून ठेवावे. त्या छत्राखालून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची नियमाने सोय आहे, आणि थांबण्यात घालवलेल्या वर्षांचे श्रेयही बरोबर येते. मी ते केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य-विम्याच्या हप्त्यावरील कर माफ झाला, तेव्हा पुढचा हप्ता तेवढाच हलका झाला. नवी पॉलिसी हाती पडल्यावर ती तपासून पाहण्यास आणि न पटल्यास परत करण्यास तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस मी सत्कारणी लावले. रोज रात्री जेवण झाल्यावर चार कलमे मोठ्याने वाचावयाची, आणि सौ.ने ऐकावयाची. एखादे कलम कळले नाही की ती "पुन्हा वाचा" म्हणे. नवीन पॉलिसीत बाहेरच्या दंतोपचारांचा लाभ नाही, हे याच वाचनात कळले. तेव्हा तिनेच तोड काढली. स्वयंपाकघरात एक डबा ठेवला आहे. त्यात दर महिन्याला दोघांच्या नावाने दोनशे-दोनशे रुपये पडतात, आणि जूनमध्ये व डिसेंबरात आम्ही तो जिना चढतो. या विम्याला प्रतीक्षाकाल नाही, आणि वर्षाखेर तो बुडतही नाही.

मागील महिन्यात पुन्हा वाईला जाणे झाले. स्वारगेटला आम्ही नेहमीप्रमाणे पाऊण तास आधी पोचलो. फुटाणेवाला आपल्या जागी होता. या खेपेस पुडी तिने घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"आधी बघून घ्या," ती म्हणाली, "बसतात का तुमचे दात."

मी हसलो. तिने चार दाणे उचलले, तोंडात टाकले, आणि क्षणभर थांबली. मग ते नकळत डावीकडेच गेले, आणि हातही सवयीने उजव्या गालाकडे वर आला. वाटेतच तिच्या ते ध्यानात आले. तिने हात खाली घेतला, आणि एक दाणा हळूच उजवीकडे सारला. चौकावर पूल होऊन इतकी वर्षे झाली, तरी जुनी माणसे अजून खालूनच वळसा घालून जातात.

वाईची गाडी लागली तेव्हा पुडीत निम्मे फुटाणे उरले होते. ते तिने पदरात बांधून घेतले.